मानसोपचाराच्या गोळ्यांनी जीभ जड होते तेव्हा

गोव्यातल्या डिचोलीहून एका बहिणीने विचारलं आहे: भाऊ २९ वर्षांचा. स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम चालू होती, तीन आठवड्यांपूर्वी ती ६ केली. भास थांबले, झोप लागते. पण बोलणं पुटपुटल्यासारखं झालंय, आवाज उठतच नाही, सकाळी उशी लाळेने भिजलेली असते. भजनात झील धरायचा, आता त्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. शेजारी म्हणतात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, घ्यायला लागला. फार्मसीवाला म्हणतो पॅसिटेन द्या. आईचं म्हणणं, गोळीच बंद करा. काय करू?

आधी तातडीचं. गोळी आज बंद करू नका आणि पॅसिटेनही आपल्या मनाने सुरू करू नका. ज्या डॉक्टरांनी डोस ६ केला त्यांना याच आठवड्यात गाठा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. ताप, घास घशात अडकणं, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज किंवा अंग लाकडासारखं ताठ होणं यांतलं काहीही दिसलं तर मात्र या आठवड्यात नव्हे, आजच.

तुमच्या वर्णनात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: खाली गेलेला सपाट आवाज, लाळ आणि डोस वाढवल्यानंतरचे तीन आठवडे. हे औषधाने आलेल्या पार्किन्सनसारख्या अवस्थेचं बोलणं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. घरी बसून ताडून बघा. चालताना त्याचे दोन्ही हात हलतात की अंगाला चिकटून राहतात? शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का? चेहरा कोरा वाटतो का, पापण्या कमी लवतात का? कागदावर चार ओळी लिहायला सांगा. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत जातंय का ते पाहा. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर जीभ एकटी बिघडलेली नाही, सगळ्या अंगाचीच हालचाल आखडली आहे आणि ती बोलण्यात आधी कानावर आली आहे.

असं का होतं? मेंदूत निरोप पोचवणारं डोपामाइन हे रसायन जिथे चिकटतं त्या डी-२ ग्राहकांवर (रिसेप्टरवर) ही औषधं बसतात. भास-संशय उतरायला साधारण ६५ टक्के ग्राहक व्यापले गेले तरी पुरतं. ७८-८० टक्क्यांच्या पुढे गेलं की हालचालीचा लगाम आवळला जातो. मधली पट्टी एवढी अरुंद आहे, म्हणून ४ वर काही झालं नाही तो माणूस ६ वर अडकतो. बोलायला छातीचा भाता, स्वरयंत्र, जबडा, जीभ, ओठ एका तालात चालावे लागतात. डोपामाइन कमी पडलं की ताल मोडत नाही, हालचालीचा पल्ला तोकडा होतो: तोंड अर्धवट उघडतं, शब्दांच्या कडा झिजतात, वाक्याच्या शेवटी हवा संपते. गंमत म्हणजे बोलणाऱ्याला ते कळत नाही. भावाला विचाराल तर तो म्हणेल, मी नीटच बोलतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही. तो खोटं बोलत नसतो. स्वतःच्या आवाजाची पातळी मापण्याचं कामही त्याच यंत्रणेकडे असतं. लाळेचंही तसंच. ती जास्त तयार होत नाही, गिळण्याची आपोआप होणारी क्रिया मंदावते.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन आणि १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आलं, तेव्हापासून ही आखडण माहीत आहे. एके काळी रुग्णाचं अक्षर बारीक झालं की डोस लागू पडला असं मानायचे. तो समज मागे पडला, पण आखडला म्हणजे औषध काम करतंय ही जुनी समजूत घरोघर अजून ऐकू येते. तसं मानू नका.

आता अडचणीचा भाग. बोलणं बिघडलं हा एकच दुष्परिणाम नाही. वरून सारखे दिसणारे पाच-सहा वेगवेगळे प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं. ओळखायला दोन गोष्टी लागतात: घड्याळ आणि कान.

घड्याळ आधी घेऊ. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत ते साधारण पाच दिवसांत जबडा अडकला, जीभ आत ओढली गेली किंवा बाहेर आली, मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, तर तो तीव्र डिस्टोनिया. तरुण पुरुषांत आणि हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर जास्त. माणूस शुद्धीत असतो पण शब्द फुटत नाही, म्हणून लोक त्याला फिट किंवा अंगात आलं समजतात आणि घाड्याकडे नेण्यात दोन तास घालवतात. काही आठवडे ते तीन महिन्यांच्या टप्प्यात येतो तुमच्या भावासारखा प्रकार. आणि किमान तीन महिन्यांच्या, बहुधा काही वर्षांच्या वापरानंतर, साठीपुढे तर महिन्याभरानंतरही, जीभ तोंडात वळवळू लागते, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोलताना मध्येच शब्द तुटतो, कधी श्वासाचाच हुंकार येतो. तो टार्डिव्ह डिस्किनेशिया. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत जीभ लडबडते आणि संध्याकाळपर्यंत मोकळी होते, तर ती निव्वळ गुंगी. त्यात बऱ्याचदा गोळी रात्रीवर नेली की काम होतं.

कानाचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो घरचेच करू शकतात. जीभ बिघडली आहे की विचार, हे आधी वेगळं करा. आजारातच बोलणं कमी होतं, उत्तरं एका शब्दावर येतात, वाक्य मध्येच थांबतं, विषय भरकटतो. तिथे डोस कमी करणं घातक ठरू शकतं. फरक असा काढा: त्याला पाठ असलेली गणपतीची आरती म्हणायला सांगा, मग १ ते २० मोजायला लावा. विचारांचा अडथळा असेल तर पाठ असलेलं बरंचसं स्पष्ट येतं, उच्चार शाबूत असतात, फक्त स्वतःहून बोलताना माल नसतो. जीभच जड असेल तर आरतीही तितकीच पुटपुटते. लहानपणापासूनचा तोतरा माणूस आरतीत सहसा अडखळत नाही. औषधाने आलेला तोतरेपणा पाठ म्हणतानाही टिकू शकतो. ही खूण शंभर टक्के नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी नक्की आहे.

मग उच्चार तपासा. ‘प-प-प’ दहा सेकंद भरभर: ओठ. ‘त-त-त’: जिभेचं टोक. ‘क-क-क’: जिभेचं मूळ. शेवटी ‘पटक-पटक-पटक’. पार्किन्सनसारख्या प्रकारात सुरुवात बरी होते आणि आवाज विरत, घाईघाईने एकमेकांत मिसळत जातो. गुंगीत सगळंच संथ. टार्डिव्हमध्ये ताल अनियमित तुटतो. नंतर एका श्वासात लांब ‘आ’. निरोगी तरुणाचा पंधरा-वीस सेकंद सहज टिकतो. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा, एकदा गोळीच्या आधी, एकदा दोन तासांनी. आणि घरात कोकणी चालत असेल तर तपासणी कोकणीतच करा. शाळेत शिकलेल्या भाषेत निरोगी माणूसही अडखळतो, आणि ओपीडीत मराठी-कोकणी-इंग्रजीची सरमिसळ झाली की खरा दोष झाकला जातो.

तोंडातही बघा. ढिली कवळी, गुटख्याने आखडलेला गाल, अर्धवट उघडणारं तोंड या गोष्टी औषधाच्या नावावर खपतात.

यानंतर घरातली औषधांची पिशवी पलंगावर ओता. खरा गुन्हेगार बऱ्याचदा तिथे असतो. अॅसिडिटीसाठी पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलची कॅप्सूल चालू असेल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा; त्यात लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असेल तर तेही डोपामाइनच अडवतं, म्हणजे रिस्पेरिडोनवर आणखी एक लगाम. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करीवरचं प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन याच रांगेतले. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन जोडलं गेलं असेल तर ते यकृतातला, औषध मोडणारा सीवायपी-२डी६ हा एन्झाइम रोखतात आणि रिस्पेरिडोनची रक्तातली पातळी चढते. ६ मिलिग्रॅम मग ६ राहत नाहीत. अशी कॅप्सूल सापडली तर डॉक्टरांना दाखवा. नुसती ती बदलून जीभ सुटू शकते.

पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. फार्मसीवाल्याचा सल्ला अगदीच चुकीचा नाही, अर्धवट आहे. पार्किन्सनसारख्या अवस्थेत २ मिलिग्रॅमपासून सुरू करून विभागून ६ पर्यंत देतात आणि बऱ्याच जणांना फरक पडतो. पण आधी पट्टी तपासा. आपल्याकडे रिस्पेरिडोनच्या काही गोळ्यांत ते आधीच घातलेलं असतं, नावापुढे ‘प्लस’ किंवा ‘फोर्ट’ जोडलेलं असतं, आणि वरून वेगळी पॅसिटेन दिली की दुप्पट होते. तोंड कोरडं पडून जीभ टाळूला चिकटते आणि बोलणं नव्याने बिघडतं. घरच्यांना वाटतं जुनंच वाढलं. बद्धकोष्ठ, लघवी अडणं, विसरणं, वयस्कांत भ्रम, आणि घाम कमी येणं. हे शेवटचं गोव्यात विसरू नका: मे महिन्याच्या दमट उकाड्यात घाम न येणाऱ्या माणसाला उन्हात काम करायला पाठवलं तर उष्माघात होतो. काचबिंदू असलेल्यांना हे औषध डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याने थोडी तरतरीही येते, म्हणून काही जण ते सोडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे प्रकार टार्डिव्ह असेल तर पॅसिटेनने जिभेची वळवळ वाढते. म्हणून आधी निदान, मग गोळी. आणि सुरू केली तरी तीन महिन्यांनी ती हवीच आहे का हे पुन्हा बघायचं.

त्यामुळे पहिला उपाय बहुधा डोसच. डॉक्टर ६ वरून ५, मग ४ असं उतरवतील, मध्ये आठवडा-दोन आठवडे थांबतील. आजार त्यावर सांभाळला जात नसेल तर औषध बदलतील. क्वेटियापिन आणि क्लोझापिनमध्ये ही आखडण सर्वांत कमी, ओलान्झापिनमध्ये मध्यम, पण तिथे वजन आणि साखरेचा हिशेब येतो. महिन्याचं इंजेक्शन चालू असणाऱ्यांची गोष्ट वेगळी: हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात, तिथे आज निर्णय घेतला तरी परिणाम पुढच्या महिन्यात दिसतो. आखडण सुटायला काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. डोस उतरवताना जीभ उलट वळवळू लागली तर घाबरू नका, पण लगेच कळवा. आत दडलेला टार्डिव्ह असा उघडा पडतो. त्यावर टेट्राबेनाझिन हे औषध आहे, मात्र त्याने मन खिन्न होऊ शकतं.

आईचा ‘बंद करा’ हा सल्ला फसवा का, तेही सांगतो. बंद केल्यावर पंधरा दिवसांत जीभ सैल होते, चेहऱ्यावर हसू येतं, घरच्यांना वाटतं औषधच रोग होतं. आजार मात्र सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो, तेव्हा या दोन गोष्टींची सांगड कुणी घालत नाही. क्लोझापिन असेल तर धोका आणखी: ४८ तासांहून जास्त खंड पडला की जुन्या डोसवर परतता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं.

क्लोझापिनचा विषय निघाला आहे तर त्यातला खरा विरळ प्रकार सांगतो, कारण तो हमखास चुकतो. आयुष्यात कधी न अडखळलेला माणूस डोस वाढवताना अचानक तोतरा बोलू लागतो: ‘म-म-मला’, शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकतो, कधी जबड्याला बारीक हिसके बसतात. हे मानसिक ताणाचं समजून सोडून देऊ नये. काहींमध्ये ते झटक्याचं, म्हणजे फिटचं, आगाऊ चिन्ह निघालं आहे. क्लोझापिनने झटके येण्याचा धोका डोसबरोबर वाढतो, ३०० मिलिग्रॅमखाली एक टक्क्याच्या आसपास आणि ६०० च्या वर चार टक्क्यांहून जास्त. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढतात, डोस उतरवतात किंवा विभागतात, गरज पडल्यास झटक्यांवरचं औषध जोडतात. आणि विचारा: हल्ली बिडी सोडली का? तंबाखूचा धूर क्लोझापिन लवकर जाळतो. वॉर्डात दाखल झाल्यावर किंवा हौसेने धूम्रपान थांबवल्यावर त्याच डोसची पातळी आठवड्याभरात दीडपट किंवा जास्त होते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स, फ्लुवोक्सामिन यांनीही तेच. बिडी सोडू नका असं नव्हे. सोडण्याआधी सांगा, डोस जुळवून घेता येतो.

लिथियम घेणाऱ्याची जीभ जड झाली, हाताचा कंप ठळक झाला, पाय लटपटले तर तो लिथियमचा विषार मानायचा, निवांत बघू म्हणायचं नाही. जुलाब, उन्हाळ्यात कमी पाणी, अंगदुखीवर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, यांनी पातळी चढते. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देतात, १.५ च्या वर धोका, पण लक्षणं असतील तर आकडा कमी आला तरी डॉक्टरांना गाठा.

आता ती शंका जी तुमच्या भावाच्या वयात कुणीतरी एकदा काढायलाच हवी. चाळिशीच्या आत मनोविकार, बोलणं जड आणि लाळ, हे त्रिकूट विल्सनच्या आजाराचंही आहे. शरीरात तांबं साठतं. अशा रुग्णांना ही औषधं अगदी थोड्या डोसवरही आखडवतात, म्हणून सगळा दोष गोळीवर जातो. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्रावर बुबुळाच्या काठची तपकिरी कडी, एवढ्या तपासण्या. विरळ आजार आहे, पण वेळेत सापडला तर औषधाने आवाक्यात राहतो. घरात कुणाला तरुणपणी यकृताचा आजार होता का, हे सांगायला विसरू नका.

तातडीच्या प्रसंगी काय करायचं. तीव्र डिस्टोनियात तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालू नका, जीभ हाताने ओढू नका. बसवा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत दिलं की बहुधा अर्ध्या तासात जबडा सुटतो. मग लगेच घरी पळू नका. त्या इंजेक्शनचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरतो आणि रात्री पुन्हा आखडतं, म्हणून पुढचे काही दिवस गोळी लिहून घ्या. घशातून शिट्टी वाजत असेल तर स्वरयंत्र आखडलंय; १०८ लावा. ताप, ताठरपणा, घाम, गोंधळ आणि वाचा बसणं एकत्र आलं तर तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, या औषधांचा जिवावर बेतणारा दुष्परिणाम. पुढचा डोस थांबवा आणि थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं जिल्हा रुग्णालय. गोळी स्वतःहून थांबवायची ती या प्रसंगी. घरातल्या वयस्काचं बोलणं मिनिटभरात बिघडलं आणि तोंड एका बाजूला गेलं किंवा एक हात लुळा पडला, तर औषधाचा विचार बाजूला ठेवा. तो पक्षाघात, आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

जेवणाकडे दुर्लक्ष होतं. जी जीभ शब्द नीट वळवत नाही ती घासही नीट वळवत नाही. पातळ पेज पिताना ठसका लागतो का बघा. लागत असेल तर शिते कुस्करून दाट करून द्या, घोट लहान, हनुवटी किंचित खाली, जेवताना टीव्ही बंद. तारले-बांगडे काही दिवस बाजूला ठेवा, किंवा काटे काढूनच ताटात घाला. इसवणाची (सुरमईची) तुकडी बरी. ठसक्यानंतर आवाज ओला, बुडबुडल्यासारखा येत असेल तर अन्न श्वासनलिकेकडे जातंय, तेव्हा स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. बोलण्याचे व्यायामही तेच शिकवतील: प्रत्येक शब्दाला मांडीवर बोटाने ठोका द्यायचा आणि ‘हळू’ नव्हे तर ‘मोठ्याने’ बोलायचं. मोठ्याने बोललं की तोंड आपोआप जास्त उघडतं आणि उच्चार सुधारतात. हळू बोल म्हटलं की आवाज आणखी खाली जातो.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या रिकाम्या पट्ट्या, डोस कधी बदलला त्या तारखा, दोन रेकॉर्डिंग आणि जुना आवाज असलेला एखादा व्हिडिओ न्या. मागच्या वर्षीच्या भजनाचा असेल तर उत्तम. पाच मिनिटांच्या ओपीडीत आधीचा आवाज ऐकवण्याइतकं काही उपयोगी पडत नाही. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जात असाल तर सकाळी, गोळीची वेळ कागदावर लिहून. तारीख लांबची असेल आणि मधे काही विचारायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर १८००-१८०-३०२४; नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

हुर्राकबद्दल शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण भावाला मात्र खरंच विचारा, दरडावून नव्हे. या औषधांवर एक ग्लासही जीभ आणि पाय दोन्ही लडबडवतो. तो पीत असेल तर डॉक्टरांनी आखडणीसाठी डोस उतरवण्याआधी त्यांना ते ठाऊक हवं. पीत नसेल तर भजनाला जाऊ द्या. पहिल्या रांगेत, पेटीजवळ बसवा, आणि झील मोठ्याने धरायला सांगा.